पाण्यात उतरू नये

बंगळुरात समुद्र नाही, हे आमचे मुंबईचे नातेवाईक मला दर भेटीत सांगतात. तो मीच कुठेतरी हरवून बसलोय, असा त्यांचा सूर असतो. कारण माझं काम म्हणजे सार्वजनिक पाणी तपासणं. नोकरीची पहिली काही वर्षं मी किनाऱ्यावर काढली. कुठल्या पुळणीवर लोकांनी आंघोळ करावी आणि कुठे करू नये, हे आमच्या कागदावर ठरायचं. आता इंदिरानगरच्या मागच्या गल्लीतल्या एका खाजगी प्रयोगशाळेत बसतो आणि तळ्यांचं पाणी तपासतो. आणि समुद्र नाही म्हणून बीच नाही असं थोडंच आहे! येलहंक्याला आमच्या घरापासून वीस मिनिटांवर एक तळं आहे. त्याच्या एका काठाला लॉऱ्यांनी रेती आणि गोटे आणून ओतले, चार रंगीत छत्र्या रोवल्या, पायडल मारायच्या होड्या सोडल्या आणि इंग्रजीत ‘बीच’ अशी पाटी लावली. रविवारी तिथे भेळ मिळते आणि पोरं गुडघाभर पाण्यात नाचतात. तळ्याचं नाव मी सांगणार नाही. त्याचा काही दोष नव्हता.

दर रविवारी दुपारी आमचा माणूस तिथून पाण्याच्या बाटल्या भरून बर्फाच्या डब्यात घालून आणतो. ते पाणी आम्ही जंतूंचं खाद्य असलेल्या काचेच्या नळ्यांत घालतो आणि नळ्या उबदार पेटीत ठेवतो. प्रत्येक नळीत एक इवलीशी नळी उलटी बुडवलेली असते. माणसाच्या आतड्यातले जंतू पाण्यात असले, तर ते खातात, वाढतात आणि त्या उलट्या नळीत बुडबुडा धरतो. किती नळ्यांत बुडबुडा आला ते मोजायचं आणि तक्त्यात आकडा बघायचा. पण जंतूंना वाढायला दोन दिवस लागतात, त्यांना घाई करता येत नाही. म्हणजे मंगळवारी मी ज्या पाण्याबद्दल बोलतो ते रविवारचं असतं. हे लोकांना समजावता समजावता माझे केस गेले.

त्यात माझा स्वतःचा एक नियम होता. एकच नमुना वाईट निघाला म्हणून मी सूचना काढत नसे. दुसरा नमुना मागवायचा, तोही वाईट निघाला तरच पत्र द्यायचं, मग तळ्यावर लाल फलक लागायचा. हा नियम उगाच नव्हता. काही वर्षांपूर्वी मी पहिल्याच आकड्यावर घाबरून एक होडीघर बंद करवलं होतं, नाताळच्या सुट्टीत. नंतर कळलं की बाटली भरणाऱ्याने झाकण चिखलात ठेवलं होतं, पाणी स्वच्छ होतं. होडीवाल्याने प्रयोगशाळेत येऊन सगळ्यांसमोर माझी शोभा केली आणि माफीचं पत्र मला स्वतःच्या अक्षरात लिहावं लागलं. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. तेव्हापासून कुणीही, अगदी माझ्या साहेबांनीही, ‘पाणी कसं आहे हो?’ असं विचारलं की माझं उत्तर ठरलेलं. दुसरा रिपोर्ट आल्याशिवाय काही सांगता येत नाही. घरात तर या वाक्याची टिंगल व्हायची. भाजीत मीठ बरोबर आहे का विचारलं की माझी मुलगी माझ्या आवाजात म्हणायची, दुसरा घास घेतल्याशिवाय काही सांगता येत नाही. मी रागावल्यासारखं करायचो. खरं तर मला त्या नियमाचा अभिमान होता.

त्या वर्षी चतुर्थी सोमवारी होती. उबदार पेटीला सणाची सुट्टी नसते. मंगळवारी सकाळी मी पेटी उघडली आणि एकामागून एक नळी उजेडात धरली. प्रत्येक नळीत बुडबुडा होता. सगळ्यात पातळ केलेल्या पाण्यातसुद्धा होता. तक्त्यात अशा वेळी आकडाच नसतो, ‘यापेक्षा जास्त’ एवढंच छापलेलं असतं. आदल्या आठवड्यात तेच पाणी ठीक होतं. वरच्या अंगाला कुठेतरी गटार फुटून तळ्यात शिरलं असावं, हे तेव्हाच मनात आलं होतं. तरी मी नियमाप्रमाणे दुसरा नमुना मागवला आणि सणामुळे तो बुधवारी आला. म्हणजे त्याचा निकाल शुक्रवारी.

आमच्याकडे गौरी खड्यांच्या. आम्ही मूळचे कोकणातले, तिकडे पाणवठ्यावरून पाच खडे आणायचे, त्याच गौरी. इथल्या शेजारणींची गौरी गणपतीच्या आदल्या दिवशी येते, आमची नंतर येते, त्यामुळे दर वर्षी कुणीतरी बायकोला तुमची गौरी उशिरा का असं विचारतंच. आतापर्यंत बायको आणि मुलगी सोसायटीच्या बागेतल्या बोअरच्या नळापाशी जाऊन खडे आणायच्या. त्या वर्षी मुलगी नववीत होती आणि तिला तळ्यावर जायचं होतं. तिची एक वर्गमैत्रीणही बरोबर येणार होती. ती मुलगी इथल्याच जुन्या मराठी घरातली, कित्येक पिढ्या बंगळुरात असलेली. त्यांच्यात खड्यांच्या गौरी नसतात, म्हणून तिला बघायच्या होत्या.

गुरुवारी सकाळी मी डबा भरत होतो तेव्हा बायकोने विचारलं, तळ्यावर गेलं तर चालेल ना, पाणी बरं आहे ना. तिने सरळ विचारलं होतं आणि मला सरळ उत्तर माहीत होतं. मी म्हणालो, दुसरा रिपोर्ट आल्याशिवाय काही सांगता येत नाही. तिने डोळे फिरवले. मग मलाच थोडं चुटपुटल्यासारखं झालं आणि दारातून मी म्हणालो, ‘काठावरचे खडे घ्या. पाण्यात मात्र उतरू नका.’ एवढं सांगून मी बसस्टॉपकडे गेलो. आपण घरच्यांसाठी नियम वाकवला, या कल्पनेने मला बरं वाटत होतं.

संध्याकाळी मी लवकर परतलो. बायकोने उंबऱ्यापासून देवापर्यंत कुंकवाची पावलं काढली होती. मुलगी दारात उभी राहिली, गाल फुगवलेले, हातात तांब्या, त्यात खडे, वर खण झाकलेला. गौरी आणणारीने बोलायचं नसतं. आमच्या गावी अशा वेळी घरातल्या पुरुषांनी आणि पोरांनी दारात उभं राहून तिला हसवायचा प्रयत्न करायचा, ही रीत होती. माझ्या थोरल्या बहिणीला मी दर वर्षी छळलं होतं. तीही अशीच गाल फुगवून, डोळे मोठे करून चालायची. गाल फुगवलेले म्हणजे हसू दाबलेलं, असं मी लहानपणापासून धरून चाललो होतो.

तर बायको तिच्या पायांवर दूध-पाणी घालत होती आणि मी तो माफीचं पत्र लिहायला लावणारा होडीवाला झालो. पोट पुढे काढून, हात नाचवत, त्याच्यासारखाच कानडी-हिंदीत ओरडू लागलो. माझी मुलगी बराच वेळ टिकली. मग तिच्या नाकातून आवाज आला, खांदे हलले, ती एकदम ठसकली आणि खोकत सुटली. तांब्या मात्र तिने पडू दिला नाही. मी टाळ्या वाजवल्या. बायको वैतागून म्हणाली, झालं समाधान? मुलीने डोळे पुसले, मान खाली घातली आणि उरलेली पावलं तशीच गप्प चालली. फार गोड दिसत होती. मी फोटोही काढला.

शुक्रवारी दुसरा निकाल आला, तोही तसाच. मी लगेच पत्र दिलं आणि संध्याकाळपर्यंत तळ्यावर लाल फलक लागला. पाण्यात उतरू नये, पोहू नये, कन्नड, इंग्रजी आणि हिंदीत. रात्री जेवताना मी बायकोला म्हणालो, बघ, म्हटलं होतं ना उतरू नका. तिच्याही डोक्यात तेव्हा काही आलं नव्हतं, हे ती नंतर रडत सांगत होती.

शनिवारी दुपारी मुलीच्या पोटात दुखायला लागलं. पुरणपोळ्या जास्त झाल्या असतील म्हणून आम्ही ओवा दिला. संध्याकाळी ताप आला आणि जुलाब सुरू झाले. रविवारी सकाळी त्यात रक्त दिसलं आणि आम्ही तिला उचलून दवाखान्यात नेलं. चौदा वर्षांची मुलगी, पण ती माझ्या हातात इतकी हलकी लागली की मी घाबरलो. सलाईन लावलं. डॉक्टरीणबाई तरुण होत्या. हात धुता धुता त्यांनी विचारलं, बाहेरचं पाणी कुठे प्यायली होती का?

मी म्हणालो, शक्यच नाही. आमच्या घरचं पाणी दर महिन्याला मी स्वतः तपासतो. शाळेत ती घरची बाटली नेते. पाण्याच्या बाबतीत आमच्याकडे चूक होऊ शकत नाही. हे मी बऱ्यापैकी मोठ्या आवाजात बोललो असणार, कारण पलीकडच्या खाटेवरचे लोक बघायला लागले.

बायको खाटेच्या दांडीला धरून उभी होती. ती हळूच म्हणाली, ‘गौरी आणताना तोंडात धरलं होतं, तेवढंच.’

मला समजलंच नाही. मी विचारलं, काय धरलं होतं?

‘पाणी. तळ्याचं. खडे घेतले की तिथलीच एक चूळ तोंडात भरायची आणि घरी येऊन तुळशीत टाकायची. बोलू नये म्हणून. तुझ्या आईनेच मला शिकवलंय, लग्नानंतरच्या पहिल्या गौरीत.’ मग ती माझ्याकडे बघत म्हणाली, ‘तू उतरू नका म्हणालास. आम्ही उतरलो नाही. काठावरूनच ओंजळ भरली.’

मी शेजारच्या स्टुलावर बसलो. बायकोने पुढचं सांगायची गरज नव्हती, मला आपोआप दिसत होतं. फुगलेले गाल, ठसका आणि माझ्या टाळ्या. ते पाणी तुळशीत गेलं नव्हतं. मी तिला ते गिळायला लावलं होतं. सगळ्या नळ्यांत बुडबुडे असलेलं, मी स्वतः उजेडात धरून पाहिलेलं पाणी. दिव्याखाली अंधार म्हणतात, पण इतका?

मला ते खरंच वाटेना. मी कॉरिडॉरमध्ये जाऊन गावी आईला फोन लावला. मुलगी आजारी आहे हे सांगितलं नाही, फक्त विचारलं, गौरी आणताना तोंडात पाणी धरतात हे खरं का? आईला हसू आलं. म्हणाली, ‘मग काय तर! तोंडात पाणी असल्याशिवाय पोरी गप्प राहतील होय रे?’ मी विचारलं, मला कधी कुणी सांगितलं कसं नाही? ती म्हणाली, तू कधी विचारलंस? बरोबर होतं तिचं. पाणवठ्यावर बायका जात, आम्ही दारात उभे असू. आमच्या व्हाळाचं पाणी डोंगरातून यायचं, कुणी गिळलं तरी बिघडत नसे. जन्मभर लोकांच्या पाण्याच्या सवयींची माहिती मी फॉर्मवर भरून घेतली. आंघोळ करता का, कपडे धुता का, गुरं उतरवता का. माझ्याच घरात पाण्याचं काय करतात ते मला माहीत नव्हतं.

सोमवारी डॉक्टरीणबाई वेगळ्याच गंभीरपणे बोलल्या. जुलाब कमी होत होते, पण रविवार दुपारपासून मुलीला लघवी झाली नव्हती. अंगातलं पाणी फार गेलं होतं, आणि या जंतूंचं विष कधी कधी मूत्रपिंडांना धरतं. संध्याकाळपर्यंत बघू, नाहीतर मोठ्या दवाखान्यात हलवावं लागेल, असं त्या म्हणाल्या. मी या जंतूंबद्दल तीस वर्षं वाचतोय. त्या जे बोलत नव्हत्या तेही मला पाठ होतं. ते बायकोला सांगायचं नाही म्हणून मी तोंड मिटून बसलो.

तो दिवस आम्ही दोघांनी एका प्लास्टिकच्या भांड्याकडे बघत काढला. नर्सबाई तासातासाला येत, चादर उचलून बघत आणि मान हलवत. मी सारखा विचारायचो. त्या वयस्कर होत्या, माझ्या विचारण्याला वैतागल्या नाहीत. ‘स्वल्प धीर धरा सर,’ म्हणायच्या, ‘येईल.’ मुलीचे ओठ सुकून पांढरे झाले होते. ती झोपेत होती की ग्लानीत, ते मला ठरवता येत नव्हतं. मी देवाला काही बोललो नाही, कारण काय तोंडाने बोलणार? गौरीच्याच पावलांवर मी तमाशा केला होता. बायको एकदाच बोलली. तिने विचारलं, मी गुरुवारी सकाळी विचारलं तेव्हा तुला नक्की काय माहीत होतं? मी सांगितलं. तिने माझ्यावर आवाज चढवला असता तर मला सोपं गेलं असतं. ती मुलीचे पाय चोळत राहिली.

दुपारी चारच्या सुमाराला नर्सबाईंनी पडदा ओढला, आणि थोड्या वेळाने भांडं घेऊन बाहेर आल्या. तळाशी जेमतेम कपभर, गडद पिवळी. मी ते भांडं त्यांच्या हातून घेतलं आणि खिडकीच्या उजेडात धरलं. सवय. मग मला रडू फुटलं आणि मी तसाच भांडं हातात धरून उभा राहिलो. नर्सबाई कानडीतल्या ‘बरं’च्या सुरात म्हणाल्या, सरी सर, आता ते इकडे द्या, मापायचंय. संध्याकाळी आणखी झाली. डॉक्टरीणबाईंनी हलवायचा विषय काढला नाही.

मंगळवारी सकाळी मुलगी उशीला टेकून बसली आणि तिने पेज मागितली. तिच्या आईने तिला सगळं सांगितलं होतं. मी समोर बसून चमच्याने पेज निववत होतो. मला वाटलं, आता ही विचारेल, बाबा, तू असं का केलंस. मी उत्तराची जुळवाजुळव करत होतो. नियम, दुसरा नमुना, ते माफीचं पत्र. तिने ते काहीच विचारलं नाही.

‘बाबा, तिला सांगितलंस ना?’

मी विचारलं, कुणाला?

तिने मैत्रिणीचं नाव घेतलं. ‘तिनेपण घेतलं होतं तोंडात. तिला नको होतं, मीच शिकवलं. गेटपर्यंत कोण टिकतं बघू म्हणून.’

चमचा माझ्या हातात तसाच राहिला. दोन दिवस मी त्या दवाखान्यात बसून स्वतःला दोष देत होतो, आणि गुरुवारी तळ्यावर दुसरी मुलगीही होती हे मला ठाऊक होतं. तिची आठवणसुद्धा मला झाली नव्हती. माझ्या घरापुरतंच माझं हादरणं होतं.

मी कॉरिडॉरमध्ये जाऊन तिच्या आईला फोन केला. त्या आमच्या मागच्याच रस्त्यावर राहतात. बायकोला अक्का म्हणतात आणि मला अण्णा. चारपाच वर्षांचा घरोबा. त्या नेहमीसारख्या मोकळ्या बोलल्या. लेक कशी आहे विचारलं. म्हणाल्या, आमच्या लेकीचंही कालपासून पोट बिघडलंय, सणाचं खाणं, दुसरं काय. मजिगे देतेय, ताक हो, झोपून आहे. ताप आहे का, मी विचारलं. म्हणाल्या, अंग गरम वाटतंय स्वल्प. मी म्हणालो, तिला आत्ताच्या आत्ता इथे घेऊन या, उद्यावर टाकू नका. आणि मग मी सगळं सांगितलं. पाण्यात काय होतं, ते तोंडात गेलं तर काय होतं, माझ्या मुलीचं काय झालं. मी सुरुवातीलाच, ठरल्यासारखा, म्हणालो होतो की शुक्रवारी दुसरा रिपोर्ट आला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग त्यांनी विचारलं, ‘ते पाणी बरं नाही म्हणून तुम्हाला पहिलं केव्हा कळालं, अण्णा?’

खोटं बोलावं असं एक क्षण वाटलं. ते बोलणं खोटं ठरलंही नसतं, माझ्या नियमाप्रमाणे मला शुक्रवारीच कळलं होतं.

‘मंगळवारी,’ मी म्हणालो.

‘पोरी गुरुवारी गेल्या.’

‘हो.’

‘सरी,’ त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला.

त्यांची मुलगी तीन दिवस तिथेच होती, माझ्या मुलीच्या शेजारच्या खाटेवर. पुढच्या महिन्यात दोघी एकत्र शाळेत जायला लागल्या. मी आता पहिल्याच निकालाला फलक लावतो, आणि त्यावर तोंडात घेऊ नये हेही असतं. होडीवाले ओरडतात, त्यांना ओरडू देतो. मैत्रिणीची आई अजूनही आमच्याकडे येतात, बायकोला अक्का म्हणतात, डब्यातून काही ना काही आणतात. मी दार उघडलं तर हसून विचारतात, बरे आहात ना, सर?